प्रवाळांच्या टाकीतील लाल चपट्या कृमींचा बंदोबस्त : माझा अनुभव

माझ्या समुद्री टाकीतील वाळूवर आणि प्रवाळांच्या बुडाशी गंजाच्या रंगाचे ठिपके दिसू लागले, तेव्हा शेवाळ समजून मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. भिंगातून पाहिल्यावर मात्र ते सरकताना दिसले. हे लाल चपटे कृमी प्रवाळ खात नाहीत, परंतु त्यांच्यावर दाट थर करून प्रकाश अडवतात, आणि शरीराचा भाग तुटून त्याचा नवा कृमी होत असल्यामुळे मोजके उरले तरी पुन्हा पसरतात.

औषध लगेच ओतण्याचा मोह मी आवरला, हे बरे झाले. मरताना या कृमींच्या शरीरातून विषारी द्रव्य बाहेर पडते, त्यामुळे ते हजारोंनी एकदम मेले तर माशांना औषधापेक्षा त्या विषाचाच धोका अधिक असतो. म्हणून तीन आठवडे, एक दिवसाआड, बारीक नळीने कृमी ओढून ते पाणी टाकून दिले आणि तेवढेच ताजे खारे पाणी भरले. काम कंटाळवाणे होते. संख्या बरीच घटल्यावर गाळणीतला, औषध शोषून घेणारा कार्बन काढून ठेवला व वेष्टनावरील मात्रेप्रमाणे औषध दिले. तासाभरात सुटलेले कृमी ओढून घेतले, ताजा कार्बन बसवला आणि पाव टाकी पाणी बदलले. आठवड्याने हाच क्रम पुन्हा केला.

कृमी खाईल म्हणून आणलेल्या सहा पट्ट्यांच्या रास माशाने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. आता नवे प्रवाळ औषधी पाण्यात बुडवून, बूड तपासूनच टाकीत ठेवतो.