क्षणभर येऊन जाणारा सिग्नल स्पेक्ट्रम ॲनालायझरवर ट्रिगर लावून कसा पकडायचा

तासगावकडच्या द्राक्षबागांतले मोटरचे रिमोट दुरुस्तीला आमच्याकडे सांगलीत येतात, रात्रीची लाईट आली की अंधारात बागेत जायला नको म्हणून शेतकऱ्यांनी ते बसवलेले असतात, त्यामुळे रिमोट बंद पडला की माणसाची खरंच पंचाईत होते. ह्या रिमोटचा एक बर्स्ट, म्हणजे बटण दाबल्यावर निघणारा सिग्नलचा झटका, जेमतेम 50 मिलिसेकंदांचा. स्पेक्ट्रम ॲनालायझर म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारं मशीन; त्यावर स्पॅन (बघायचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) 100 मेगाहर्ट्झ आणि आरबीडब्ल्यू (एका वेळी बघायच्या खिडकीची रुंदी) 10 किलोहर्ट्झ ठेवला तर साध्या स्वीपवाल्या, म्हणजे फ्रिक्वेन्सी एकामागोमाग तपासत जाणाऱ्या मशीनला एक फेरी मारायला साधारण अडीच सेकंद लागतात, मग सिग्नल आला तेव्हा मशीन भलतीकडेच बघत होतं आणि आपण म्हणतो रिमोट डेड आहे.

आधी अटेन्युएशन, म्हणजे आत येणारा सिग्नल कमी करणारी सेटिंग, चढवून ठेवा. बऱ्याच मशीनची इनपुटची कमाल मर्यादा 30 डीबीएम म्हणजे 1 वॅट असते, डीसी व्होल्टेजची मर्यादा वेगळी, दोन्ही कनेक्टरशेजारी छापलेल्या असतात, त्या वाचल्याशिवाय केबल लावू नका. रिमोटसाठी छोटा अँटेना लावून हातभर अंतर ठेवलं तरी भरपूर होतं.

मग फ्रिक्वेन्सी शोधा. सेंटर 433.92 मेगाहर्ट्झ, स्पॅन 5 मेगाहर्ट्झ, डिटेक्टर पॉझिटिव्ह पीक (सगळ्यात उंच टोक धरणारा), ट्रेस मॅक्स होल्ड (आधीची उंची पुसत नाही), ट्रिगर (फेरी कधी सुरू करायची तो इशारा) फ्री रन, म्हणजे कशाचीच वाट न बघणारा, आणि बटण दहा-पंधरा वेळा दाबा, हळूहळू टोक भरत जातं. तिथे मार्कर ठेवून तीच सेंटर करा.

आता स्पॅन झीरो करा. इथे बरेच जण अडकतात, स्पॅन तसाच ठेवून व्हिडिओ ट्रिगर (सिग्नल ठरलेल्या लेव्हलवर गेला की फेरी सुरू करणारा) लावतात आणि स्क्रीन गोठते, वाटतं मशीन हँग झालं. तसं नसतं, स्वीपवालं मशीन ट्रिगरची वाट बघताना स्टार्ट फ्रिक्वेन्सीवर थांबलेलं असतं आणि तिथे तुमचा सिग्नल नसतोच, मग ट्रिगर होणार कुठून! झीरो स्पॅनमध्ये ते त्या एकाच फ्रिक्वेन्सीवर कान लावून बसतं आणि आडव्या अक्षावर वेळ दिसतो.

आरबीडब्ल्यू 100 किलोहर्ट्झ, व्हीबीडब्ल्यू (ट्रेस गुळगुळीत करणारा फिल्टर) त्याच्या तिप्पट, कमी ठेवला तर पल्सच्या कडा गोल होतात. स्वीप टाइम 100 मिलिसेकंद. ट्रिगर व्हिडिओ, चढती कड. लेव्हल नॉइज आणि सिग्नलच्या मधोमध ठेवा, म्हणजे नॉइज उणे 85 आणि सिग्नल उणे 35 असेल तर उणे 60 डीबीएम. नॉइजला चिकटवली तर उगाच ट्रिगर होत राहतो, फार वर नेली तर सेल उतरलेला रिमोट निसटतो. डिले उणे 5 मिलिसेकंद, म्हणजे ट्रिगरच्या थोडं आधीपासून, देता आला तर जरूर द्या, बर्स्टची सुरुवात दिसते. मग सिंगल (एकच फेरी) दाबा, आणि रिमोटचं बटण एकदाच.

पल्स मोजायच्या असतील तर स्वीप टाइम 5 मिलिसेकंदांवर आणा, कारण 1001 पॉइंटच्या ट्रेसवर 100 मिलिसेकंद पसरले की 350 मायक्रोसेकंदांच्या पल्सच्या वाट्याला तीन-चारच पॉइंट येतात.

स्टार्टरच्या पॅनलचा नॉइज बघायचा असेल तर लाईन ट्रिगर (विजेच्या सप्लायच्या लहरीवर चालणारा) घ्या, 50 हर्ट्झच्या सप्लायशी बांधलेला नॉइज असेल तर दर 10 मिलिसेकंदांनी एकाच जागी उभा राहतो, बाकीचा सरकत राहतो.

रिमोटच्या ट्रेसमध्ये मी आधी पल्सची उंची बघतो. एकाच बर्स्टमध्ये ती शेवटाकडे उतरत गेली तर पहिल्यांदा सेल आणि त्याच्या पट्ट्या तपासतो, बऱ्याचदा पट्टीवर हिरवट गंज चढलेला असतो, तो घासून परत सिंगल दाबायचं.