सीआर500 चं इंजिन सीआरएफ450आर च्या फ्रेममध्ये: आधी पिव्होट, मग बाकी सगळं

होंडाच्या सीआर500 या मोटोक्रॉस गाडीचं हे 491 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. बोअर 89 मिमी, स्ट्रोक 79 मिमी, 1985 पासून पाण्यावर थंड होणारं. 2001 च्या मॉडेलनंतर ते बंद झालं आणि शेवटपर्यंत लोखंडी फ्रेममध्येच राहिलं. म्हणून ते अॅल्युमिनियम फ्रेममध्ये बसवायचा नाद लोकांना लागला. त्याला पॉवर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचं तोंड लहान-मोठं करणारी झडप) नाही, त्यामुळे सिलिंडरच्या बाजूला जागेची एक डोकेदुखी कमी. थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्टही नाही, आणि हे मात्र शेवटपर्यंत लक्षात ठेवायचं आहे.

अॅल्युमिनियम फ्रेम 2005 ते 2008 मधल्या सीआरएफ450आर ची घ्या, ही होंडाचीच फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी. 2009 पासून ती गाडी फ्युएल इंजेक्शनची झाली आणि पंप टाकीत गेला. मग साधा पेट्रोल कॉक असलेली टाकी शोधत बसावं लागतं.

कायद्याचं दोन ओळींत. ही गाडी रस्त्यावर काढायची नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली असा बदल चालत नाही, आणि कलम 182अ प्रमाणे प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी टेम्पोत घालून बंदिस्त ट्रॅकवर न्यायची. आणि ठाण्याजवळच्या येऊरला तर नाहीच, तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

फ्रेम सोलून, धुऊन, वेल्डच्या कडांना तडे आहेत का ते पाहून घेतलं असं धरून पुढे जातो. इंजिन आधी फ्रेमबाहेर प्रेशर टेस्ट करा: इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून 6 पीएसआय हवा भरा, सहा मिनिटं धरली पाहिजे. क्रँकचं सील फुंकत असेल तर ते आत्ता बदला.

इंजिन नेमकं कुठे बसवायचं

सगळं काम इथे आहे. लोक इंजिन उचलतात, फ्रेममध्ये ठेवतात, सिलिंडर मधोमध दिसतोय ना ते डोळ्यांनी बघतात आणि पुढच्या माउंटच्या पट्ट्या कापायला घेतात. व्हिडिओ पाहून सल्ले देणारेही हेच सांगतात. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! पुढून सुरुवात केलेलं इंजिन मागे कधीच जुळत नाही. मग पिव्होटचं (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म ज्या बोल्टवर झुलतो त्याचं) भोक ओढून मोठं केलं जातं आणि पहिल्याच उडीत चेन स्विंगआर्म खायला लागते.

क्रम असा ठेवा: पिव्होट, चेनची रेषा, इंजिनाचा कल, आणि सगळ्यात शेवटी पुढचे माउंट. या होंडांमध्ये स्विंगआर्मचा पिव्होट बोल्ट इंजिनाच्या केसमधूनच जातो. पिव्होट फ्रेमने ठरवलेला आहे, तो हलत नाही. एकदा बोल्ट केसमधून गेला की इंजिनाला त्या बोल्टभोवती फक्त झुलायचं उरतं, आणि डावीकडे-उजवीकडे थोडं सरकायचं. सहा बाजूंचा घोळ दोनावर येतो.

हे काम भरल्या इंजिनावर करू नका. क्रँक, गिअर सगळं बाहेर काढून नुसत्या केस, सिलिंडर आणि हेड एकत्र कसा. हलकं झालं की एकटा माणूस लाकडाच्या पाचरींवर हवं तसं धरू शकतो. आउटपुट शाफ्ट मात्र बेअरिंगसकट आत हवा, कारण पुढचं स्प्रॉकेट त्यावर बसवून माप घ्यायचं आहे. शॉक अॅब्सॉर्बर काढून ठेवा, म्हणजे स्विंगआर्म मोकळा वर-खाली होतो.

बोल्ट आणि केसच्या भोकाची जाडी व्हर्नियरने स्वतः मोजा, ऐकीव आकड्यावर जाऊ नका. केसचं भोक मोठं निघालं तर बुश. लहान निघालं तर दोन्ही केस एकत्र कसून, एकाच सेटिंगमध्ये बोअर करून घ्यायचं. नवी मुंबईत रबाळे, महापे, तुर्भे इथे व्हीएमसीची (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनची) दुकानं गल्लोगल्ली आहेत, तिथे हे तासाभराचं काम आहे. हातड्रिलने केलं तर दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत राहत नाहीत आणि बोल्ट हातोडीने घालावा लागतो. पिव्होट बोल्ट बोटांनी ढकलून आत गेला पाहिजे. फ्रेमच्या भोकाला हात लावायचा नाही. तिथे चूक झाली तर फ्रेम भंगारात.

आता चेनची रेषा. मागचं चाक बसवा, आणि चेन अॅडजस्टरच्या खुणांवर विसंबू नका. पिव्होटच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजून चाक सरळ करा. मग एक मीटरची सरळ अॅल्युमिनियमची चौकोनी नळी मागच्या स्प्रॉकेटच्या बाहेरच्या तोंडावर, स्विंगआर्मच्या खालून, जिथून चेनची खालची बाजू धावते तिथे टेकवा आणि पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत न्या. स्प्रॉकेटचं तोंड आधी पुसा, दात्यांवरची बुरी कानसने काढा. नळी मागे जेमतेम 18 सेंटीमीटर टेकते आणि पुढचं स्प्रॉकेट साधारण 60 सेंटीमीटरवर असतं. मागे पाव मिलिमीटरचा कचरा आला की पुढे पाऊण मिलिमीटर चुकतं, आणि तुम्ही स्पेसर त्या चुकीच्या मापाचे करून आणता. नळी उलटून दुसऱ्यांदा मोजा. दोन्ही वेळा तोच आकडा आला तरच तो खरा. एक मिलिमीटरच्या आत बसवा. त्याहून जास्त फरक या ताकदीला चालत नाही.

इंजिन किती सरकवायचं हे त्या नळीने ठरतं. केसचा पिव्होटचा बॉस (बोल्टच्या भोकाभोवतीचा जाड भाग) स्विंगआर्मच्या दोन पायांमध्ये येतो. समजा स्विंगआर्मच्या आतल्या कॉलरमधलं अंतर बॉसच्या रुंदीपेक्षा 5 मिमी जास्त आहे. लोक अडीच-अडीचचे दोन स्पेसर टाकून मोकळे होतात. चेनची रेषा म्हणत असेल की इंजिन मधून 1 मिमी उजवीकडे हवं, तर डावा स्पेसर साडेतीनचा आणि उजवा दीडचा. सिलिंडर मधोमध दिसणार नाही. नाही दिसला तर नाही, चेन सिलिंडरकडे बघत नाही.

स्पेसर ईएन8 पोलादाचे करा, आणि दोन्ही तोंडं समांतर हवीत हे टर्नरला तोंडी न सांगता कागदावर लिहून द्या. जागा भरली नाही आणि तसाच बोल्ट कसला तर फ्रेम आत ओढली जाते. परीक्षा सोपी आहे: पिव्होट मॅन्युअलमधल्या टॉर्कला कसा, शॉक आणि चेन न लावता स्विंगआर्म आडवा धरून सोडा. तो स्वतःच्या वजनाने सुरळीत खाली यायला हवा. वाटेत अडकला तर स्पेसर चुकले आहेत, ग्रीस कमी पडलेलं नाही.

राहिला कल. इंजिन पिव्होटभोवती पुढे-मागे झुलवून तीन गोष्टी बघायच्या: हेड आणि टाकीमधली जागा, सिलिंडर आणि पुढच्या नळीमधली जागा, आणि कार्ब्युरेटरचा तिरकेपणा. हेडभोवती सगळीकडे किमान 8 मिमी मोकळं ठेवा, कारण हे इंजिन थरथरतं आणि टाकी हलते. कार्ब्युरेटर मूळ गाडीत ज्या कोनात होता त्याच्या जवळपास ठेवा, नाहीतर फ्लोटची पातळी बिघडते आणि चढावर इंजिन गळाठतं. खालच्या क्रेडलला (इंजिनाखालून जाणाऱ्या फ्रेमच्या नळ्यांना) केस घासत असेल तर केसच्या बाहेरच्या रिब्ज घासा, जाडी बघत बघत. फ्रेम तापवून ठोकायची नाही. उष्णतेने टी6 (उष्णोपचाराने कडक केलेल्या) अॅल्युमिनियमची निम्म्याच्या आसपास ताकद जाते, आणि ती बाहेरून दिसत नाही. खालची नळी कापूनच मार्ग निघणार असेल तर फ्रेम जिगवर बांधून काम करणारा वेल्डर शोधा. आर्गन वेल्डिंगवाला चांगला आहे एवढ्यावर भागत नाही.

माउंट

माउंट फ्रेमला वेल्ड करू नका, बोल्टने लावा. पट्टी 8 मिमी जाडीची, एचई30 म्हणजेच 6082, टी6 अवस्थेतली. ठाण्यात वागळे इस्टेटच्या आसपास अॅल्युमिनियमवाले पुष्कळ आहेत, पण "चांगलंच आहे हो" या शब्दावर घेऊ नका. टेस्ट सर्टिफिकेट मागा. टी6 नसलेली पट्टी हातात तशीच दिसते आणि महिन्याभरात भोकं लांबट होतात.

आधी 6 मिमीच्या प्लायवूडमध्ये नमुना कापा. भोकाच्या जागा घ्यायला बोल्टचं टोक लेथवर अणकुचीदार करून घ्या, तो भोकातून घालून प्लायवर ठोका, खूण नेमकी उमटते. मोजपट्टीने अंदाज घेत बसलात तर अंदाजपंचे दाहोदरसे. प्लायवूड बसलं की तेच माप वॉटरजेटला द्या. भोकं थोडी लहान कापून रीमरने पूर्ण करा. बोल्टला 0.1 मिमीहून जास्त खेळ नको, आणि लांबट खाच तर कधीच नको. खाच म्हणजे माप घ्यायचा कंटाळा.

हेडचा स्टे (हेड फ्रेमला बांधणारी पट्टी) वगळायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो: "खालचे माउंट पुरेसे आहेत." बॅलन्सर नसलेल्या पाचशेच्या सिंगलला ते पुरेसे नाहीत. हेड सुटं ठेवलं तर सगळी थरथर पुढच्या माउंटजवळच्या फ्रेमच्या वेल्डवर येते आणि तडा तिथेच जातो. कसताना आधी सगळे बोल्ट हाताने लावा, मग पिव्होट, खालचे, पुढचे, शेवटी हेडचा स्टे. स्टेचा बोल्ट बोटांनी जायला हवा. पाना अडकवून इंजिन खेचावं लागलं तर पट्टी नवीन करा. आमच्याकडच्या खाडीच्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात लोखंडी बोल्ट अॅल्युमिनियमला चिकटतात, तेव्हा दांड्याला मॉली ग्रीस लावल्याशिवाय पिव्होट बंद करू नका.

चेंबर

मूळ एक्सपान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा फुगीर एक्झॉस्ट पाइप) फ्रेमच्या नळीला आपटतो. त्याचे तुकडे कापून, फिरवून पुन्हा टिगने जोडायचे. मध्यरेषेची लांबी आणि कोनांचे उतार बदलायचे नाहीत, कारण परत येणाऱ्या लाटेची वेळ त्यावर चालते. कापण्याआधी चेंबरभर मार्करने एक सरळ रेघ मारा आणि दोऱ्याने मध्यरेषा मोजून लिहून ठेवा. कापात गेलेले दोन-दोन मिलिमीटर शेवटी हेडरमध्ये (सिलिंडरजवळच्या पहिल्या तुकड्यात) परत भरून काढा. फ्रेमपासून 10 मिमी अंतर ठेवा, आणि मागची टोकं रबरी बुशवर टांगा.

पेट्रोल आणि जेट

इथे एक गोष्ट परदेशी सल्ल्यांत सापडत नाही. आपल्या पंपावरचं पेट्रोल ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे. इथेनॉलमुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सुमारे आठ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं, म्हणजे जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं छिद्र) मोठा. दुसरीकडे ठाण्या-नवी मुंबईची उकाड्याची दमट हवा विरळ असते, ती जेट लहान मागते. जेटच्या जुन्या तक्त्यातला नंबर जसाच्या तसा उचललात तर दोन्हीकडून फसाल. मेन जेट तक्त्यापेक्षा दोन पायऱ्या मोठा लावून सुरुवात करा आणि प्लग बघत खाली या. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल, मग एकदम किल स्विच आणि क्लच. प्लगच्या पोर्सलीनच्या तळाशी तपकिरी कडं दिसायला हवं. पांढरं दिसलं तर तसंच पुढे चालवू नका, पिस्टन सिलिंडरमध्ये अडकेल.

मिश्रण 32 ला 1: लिटरला 31 मिली, जेएएसओ एफडी दर्जाचं टू-स्ट्रोक तेल. ई20 हवेतलं पाणी शोषतं, म्हणून मिश्रण आठवड्याच्या वर ठेवू नका आणि काम संपलं की कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा. गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं, विसरू नका.

बाकीचं

कूलंट 50:50, झाकण असलेला रेडिएटर सर्वांत उंच राहील असं बघा आणि हवा काढा. सीडीआयची (इग्निशनच्या डब्याची) अर्थिंग वायर रंग खरवडून थेट इंजिनाला लावा. किकचा दांडा फूटपेगला आणि ब्रेक पेडलला कुठे लागत नाही ना, पूर्ण खाली नेऊन बघा. क्लचची केबल हँडल दोन्ही टोकांना वळवून तपासा. स्प्रॉकेट पुढे 14 चं लावा, सीआरएफचं 13 या टॉर्कला फार छोटं पडतं. आउटपुट शाफ्ट, पिव्होट आणि एक्सल एका रेषेत येतील एवढा स्विंगआर्म दाबून ठेवा आणि तिथे चेनला थोडा ढिलेपणा राहतो का ते पाहा. चेन सर्वांत ताठ होते ती तिथे.

किक मारताना घोट्याच्या वर जाणारे बूट हवेत. पिस्टन वरच्या टोकाच्या जरा पुढे न्या आणि दांडा थेट खालपर्यंत मारा. अर्धवट किक उलटी बसते.

तीन वेळा गरम करून पूर्ण थंड होऊ द्या, आणि प्रत्येक वेळी सगळे माउंट पुन्हा टॉर्कला कसा. तिसऱ्या वेळीही एखादा बोल्ट पाव फेरा फिरला तर त्याचं भोक मोठं झालं आहे, ती पट्टी पुन्हा करा.