सुधारगृहातल्या मुलाच्या सिनेमावर परीक्षण लिहिताना

नागपुरातल्या फिल्म क्लबासाठी फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोच्या 'द फोर हंड्रेड ब्लोज'वर (१९५९) लिहायचं, तर सिनेमा दोनदा बघा. पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा वही घेऊन, वेळ टिपत. सुधारगृह शेवटी शेवटी येतं. त्याआधी घर, शाळा आणि पोलीस ठाण्याला किती मिनिटं मिळाली ते मोजा, म्हणजे मुलाला तिथवर कुणी ढकललं ते दिसेल.

मानसतज्ज्ञाच्या प्रश्नोत्तरांना पूर्ण परिच्छेद द्या. विचारणाऱ्या बाईचा फक्त आवाज ऐकू येतो, कॅमेरा आंत्वानवर, म्हणजे त्या मुलावरच राहतो, आणि ती भूमिका करणाऱ्या ज्याँ-पिएर लेओची उत्तरं बरीचशी उत्स्फूर्त आहेत. 'अभिनय सहज' एवढंच लिहिलं की हे सगळं निसटतं. शेवटची थिजलेली चौकट (फ्रीझ फ्रेम) सुटकेची की कोंडीची, यावर बाजू घ्या. कारण दृश्यातूनच द्या.

तेव्हा समीक्षक असलेल्या त्रुफोला १९५८ साली कान चित्रपट महोत्सवाची दारं बंद होती, १९५९ साली तिथेच त्याला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. हे जरूर सांगा, पण एका वाक्यात. पुरस्कार म्हणजे युक्तिवाद नव्हे.

नागपूरचा 'झुंड' (२०२२) लगेच आठवेल. तुलना एकाच मुद्द्यावर ठेवा: तिथे एक शिक्षक मुलांना शोधत येतो, इथे कुणीच येत नाही.

शहरातल्या निरीक्षणगृहातल्या खऱ्या मुलाचा दाखला देत असाल, तर नाव, पत्ता, शाळा, फोटो काहीही नको. टोपणनाव देऊन वस्ती तशीच ठेवली तरी ओळख पटते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.