ओढ्याकाठची माती आणि उतार: पदवीच्या विद्यार्थ्यांनी क्षेत्र-अभ्यास कसा करावा

मातीचा नमुना उतारावरील नेमक्या कोणत्या जागेतून घेतला हे लिहिलेले नसेल, तर पिशवीतल्या त्या मातीवरून फारसे काही सांगता येत नाही. म्हणून माती आणि भूरूप यांच्या नोंदी एकाच वहीत, जागेवरच कराव्यात. पुढील पद्धत दख्खनच्या बेसाल्ट प्रदेशातील ओढ्यांना धरून आहे.

पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीत जावे आणि शेतमालकाची परवानगी आधी घ्यावी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीटवर (भूरूपे दाखवणाऱ्या नकाशावर) ओढ्याचा मार्ग पाहून घ्यावा. मात्र त्यावरील समोच्च रेषांमध्ये (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमध्ये) सहसा उंचीचे २० मीटरचे अंतर असल्याने लहान पात्राचा आकार त्यात दिसत नाही, तो स्वतःच मोजावा लागतो.

त्यासाठी दोन्ही काठांवर काठ्या रोवून दोरी ताणावी आणि गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने तिची पातळी जुळवावी. दर अर्ध्या मीटरवर दोरीपासून जमिनीपर्यंतचे उभे अंतर टेपने मोजावे. डावा व उजवा काठ प्रवाहाच्या दिशेने तोंड करूनच ठरवावा. ही चूक फार वेळा होते आणि मग सगळा छेद, म्हणजे पात्राचा आडवा कापल्यासारखा आकार, उलटा पडतो.

नंतर माथा, मधला उतार आणि काठ अशा किमान तीन जागी माती पाहावी. माथ्यावर बहुधा उथळ, मुरमाड माती आढळते, तर बारीक कण पाण्याबरोबर खाली येऊन साचत असल्यामुळे सखल भागात काळी, खोल माती असते. काठाची दरड खुरप्याने तासली की थर उघडे पडतात. त्यांची खोली वरून मोजावी. पुढे झुकलेल्या दरडीखाली मात्र कोणीही उभे राहू नये.

पोत हातानेच कळतो आणि तो शिकण्यासाठी घाई करू नये. मूठभर माती खडे काढून, थोडे थोडे पाणी घालत कणकेसारखी मळावी आणि अंगठा व तर्जनीमधून पुढे सरकवत तिची पट्टी काढावी. पट्टी अडीच सेंटिमीटरच्या आतच तुटली तर माती पोयट्याची, पाच सेंटिमीटरहून लांब टिकली तर चिकणमाती समजावी. बोटांना कचकच जाणवली तर वाळू आहे. चुनखडी तपासण्यासाठी शिक्षकांच्या देखरेखीखाली सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकावेत; माती फसफसली तर चुना आहे.

नमुन्यासाठी पालापाचोळा बाजूला सारून इंग्रजी 'व्ही' आकाराचा १५ सेंटिमीटर खड्डा घ्यावा, त्याच्या कडेची एकसारखी चकती कापावी आणि सुमारे अर्धा किलो माती कापडी पिशवीत भरावी. चिठ्ठी पेन्सिलने लिहावी, कारण ओलीने शाई पसरते. एक चिठ्ठी पिशवीच्या आत आणि एक बाहेर असावी. माती सावलीत वाळवून दोन मिलिमीटरच्या चाळणीने चाळावी.

जर्नलमध्ये आलेखकागदावर आडवा छेद काढून, उतारासह तो दोन्ही बाजूंना माथ्यापर्यंत वाढवावा, उभे प्रमाण आडव्यापेक्षा वाढवले असल्यास तसे लिहावे आणि प्रत्येक नमुन्याची जागा त्यावर दाखवून तिच्याखाली मातीची खोली, रंग व पट्टीची लांबी नोंदवावी.