अबोलीचं बी हाती लागायचं तर

अबोलीचं बी कसं धरावं असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "तुरा वाळला की चुरडायचा, बी टाकायचं, येतं." येत नाही. मी दोन वर्षं तसंच केलं आणि वाफ्यात हरळीशिवाय काही उगवलं नाही.

आधी आपली अबोली कोणती ते बघा. नर्सरीत गडद नारिंगी, मोठ्या फुलांची 'दिल्ली' जात मिळते, तिला बी धरत नाही. ती त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेली, म्हणून वांझ. फांदी लावूनच वाढते. माझं पहिलं वर्ष तिच्या तुऱ्याकडे बघण्यात गेलं. बी हवं तर कोकण-गोव्यात दारोदारी असते ती गावठी घ्या.

दुसरं, रोज फुलं खुडून वळेसार (अबोलीचा गुंफलेला गजरा) माळायचा आणि बीही हवं, हे जमायचं नाही. फूल खुडलं की बोंड गेलं. सगळ्यांत जोमदार झाडाचे दोन-तीन तुरे राखा, त्यांना दोरा बांधा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा. आमच्याकडे राखलेल्या तुऱ्याची फुलं सासूबाईंनी संकष्टीला गणपतीला वाहिली. त्यांना काय बोलणार?

आता खरी अडचण. तुरा खालून वर फुलतो, तशी बोंडंही खालून वर पिकतात. पिकलेलं बोंड कोरडं असेपर्यंत गप्प बसतं, पाणी लागलं की फटकन फुटतं. एका बोंडात जास्तीत जास्त चार बिया, आणि त्या हातभर लांब उडतात. दुसऱ्या वर्षी मी वाळलेले तुरे परातीत घालून रात्रभर ओट्यावर उघडे ठेवले होते. वळवाची सर आली, सकाळी परातीत नुसती टरफलं! म्हणून सांगते, झारीने वरून पाणी घालताना राखलेला तुरा भिजू देऊ नका. पावसाची चिन्हं दिसली तर खालची बोंडं तपकिरी झालेला तुरा लगेच कापा, वरची हिरवी राहिली तरी चालतील. कापायचा तो भर दुपारी, दव पूर्ण उडाल्यावर. कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो, तिथे हमखास घात होतो.

मग बोंडांचा हाच स्वभाव कामाला लावायचा. तुरे खोल पातेल्यात घाला, पाण्याचे चार शिंतोडे द्या आणि झटकन वर फडकं बांधा. थोड्या वेळात आत तडतड सुरू होते, फोडणी दिल्यासारखी. आवाज थांबला की चपट्या बिया वेचून सावलीत वाळवा. चुरडत बसू नका, त्यात बी मोडतं.

पेरणी उन्हाळ्याच्या तोंडाला. बी वरवर टाकून बोटभर नाही, नखभर माती भुरभुरवा. दोन-तीन आठवडे लागतात, उकरून बघू नका. थंडीत पेरलं तर रुसून बसतं.

चार-सहा पानांवर रोपं फूटभर अंतराने हलवा. उन्हाची तिरीप पुरते.

एक गोष्ट मात्र कानाला खडा लावून घ्या: अबोली जिथे सुकून मेली, तिथे पुन्हा अबोली नको. मुळांना गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमींचं, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींचं काम, खत घालून सुटत नाही. निंबोळी पेंड घाला, तिथे एक हंगाम झेंडू लावा, अबोलीची नवी रोपं दुसरीकडे लावा.

फुलं एक दिवसाआड, पहाटे खुडा. अबोलीला वास नाही, त्यामुळे गुंफताना मधे मरव्याची काडी हवीच. दोरा केळीच्या सोपटाचा, ओला करून घेतलेला. सुती दोऱ्याने पाकळी कापली जाते.