स्टेन एकसारखा बसत नाही? या चुका टाळा

पाइनच्या टेबलाला सागवानी छटा द्यायला घ्यावी आणि फळी कुठे काळवंडलेली, कुठे फिकी दिसावी, तेव्हा दोष बहुधा स्टेनच्या, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या रंगाच्या, डब्याला दिला जातो. पण लाकूड रंग कुठे किती शोषणार हे डबा उघडण्यापूर्वीच बरेचसे ठरलेले असते.

पहिली चूक पॉलिश पेपरची. 80 नंबरवरून थेट 220 वर उडी मारली की आधीचे ओरखडे खाली तसेच राहतात आणि त्यांत रंग साचून गडद रेघा उमटतात. 80, 120, 180 असा क्रम ठेवून शेवटचा हात लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवावा. त्यापुढे घासण्याचा हव्यास नको, कारण फार गुळगुळीत लाकडावर स्टेन फिका बसतो. फळीची टोके मात्र रंग अधिक पितात, म्हणून तेवढी 220 ने घासावीत.

सांध्यातून बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्याने पुसला तरी त्याचा पातळ थर उरतो आणि तिथे रंग धरत नाही. स्टेनआधी पृष्ठभाग टर्पेंटाइनने पुसला, की असे डाग लगेच नजरेस येतात. ते वाळल्यावर खरवडून काढावेत.

पाइनची खोड वेगळीच आहे. त्याच्या फिकट, मऊ पट्ट्या स्टेन भराभर शोषतात आणि मुळातल्या गडद, घट्ट रेषा तो जवळजवळ नाकारतात, त्यामुळे लाकडाचे चित्रच उलटे होते. यावर लाखेचा पातळ हात द्यावा: एक लिटर स्पिरिटमध्ये साधारण 60 ते 100 ग्रॅम मेण काढलेली चपडा लाख विरघळवून लावावी आणि वाळल्यावर हलकेच घासावे. छटा थोडी उजळ येते, पण एकसारखी येते. जेल स्टेन, म्हणजे घट्टसर स्टेन, आत फारसा मुरत नसल्याने पाइनसाठी तोही सोयीचा. या कामात घाई करणाऱ्यांना माझ्या मते पाइन घेऊच देऊ नये.

डबा तळापासून ढवळावा, एक पूर्ण बाजू एका दमात रंगवावी आणि जादा स्टेन वाळू लागण्याआधी पुसावा. तेलयुक्त स्टेन पुसलेले फडके चुरगळून टाकू नयेत, ते आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवावेत.

डाग पडलेच आणि तेलयुक्त स्टेन ओला असेल, तर टर्पेंटाइनच्या फडक्याने बराचसा उतरतो. वाळल्यानंतर मात्र पुन्हा घासण्यावाचून गत्यंतर नाही.