दक्षिण फ्रान्सच्या वाइन चाखताना तापमान सांभाळा

लांगदॉक भागातील रेड वाइनची पारख करण्याआधी तिचे तापमान तपासावे. तेथील कडक उन्हात ग्रेनाश द्राक्षांत साखर भरपूर उतरते, त्यामुळे वाइनमधील अल्कोहोल बऱ्याचदा १४ टक्क्यांच्या आसपास जाते, आणि ती २० अंशांहून गरम झाली की अल्कोहोलचा दाह फळांचा व रानटी रोझमेरी-थाइमची आठवण करून देणारा गंध झाकून टाकतो. ‘खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातील थंड घरांसाठी होता. मुंबई-पुण्यात बाटली काही वेळ फ्रिजमध्ये ठेवून साधारण १६ अंशांवर आणावी.

शेजारच्या प्रोव्हान्समधील बांदोल भागाच्या रेडबाबत मात्र घाई करू नये. तिच्यात किमान निम्मे मूर्व्हेद्र द्राक्ष असते व ती किमान १८ महिने लाकडी पिंपात मुरते, म्हणून कोवळेपणी ती फार तुरट लागते. हा तुरटपणा दोष समजू नये, तर बाटलीतील वाइन तासभर आधी रुंद भांड्यात ओतून पुन्हा चाखावी.

व्हाइटमध्ये लांगदॉकमधील ‘तो’ (Thau) नावाच्या सरोवराजवळची पिकपूल द पिने ही वाइन ८ ते १० अंशांवर घ्यावी आणि घोट गिळल्यानंतर तोंडाला किती वेळ पाणी सुटत राहते, याकडे लक्ष द्यावे; त्यावरून तिच्यातील आंबटपणाचा अंदाज येतो.